खाट क्रमांक तीनची साक्ष

जळगाव, दि. १७ जानेवारी १९७८

तीर्थस्वरूप नानांच्या चरणी कनिष्ठ भगिनी कमल हिचा साष्टांग दंडवत. साष्टांग हा शब्द उदार अर्थाने घ्यावा. संधिवातामुळे हल्ली माझी पाचच अंगे भूमीला टेकतात; उरलेल्या तिहींची अनुपस्थिती क्षम्य मानावी.

माझे अक्षर ओळखून आपण पाकीट न उघडता परत धाडाल, या भयाने पत्ता मी आमच्या आयाबाईच्या मुलीकडून लिहवून घेतला आहे. हे कपट आहे, हे मान्य. आबा जाऊन आठ वर्षे चार महिने झाले आणि आपणा दोघां भावंडांतील मौनालाही तितकीच वर्षे झाली. आपण ते मौन ज्या निष्ठेने पाळलेत, त्या निष्ठेने एखाद्या ऋषीने पाळले असते तर त्याचे आसन केव्हाच डळमळले असते. परंतु हे समेटाचे पत्र नव्हे. धुळ्याच्या न्यायालयात कारकुनापासून शिरस्तेदारापर्यंत एकतीस वर्षे ज्याने साक्षीपुरावे हाताळले, त्या निवृत्त गृहस्थाचा मला सल्ला हवा आहे. तो गृहस्थ माझा बंधू असावा, हा निव्वळ योगायोग.

विषय असा. आमच्या धर्मादाय रुग्णालयात दोन वर्षांपूर्वी ‘अतिदक्षता विभाग’ नामक चार खाटांचे एक संस्थान स्थापन झाले. मी त्याची अधिपती, म्हणजे प्रमुख परिचारिका. प्रजेत सहा परिचारिका, आया तानुबाई आणि एक श्वसनयंत्र. यंत्राचा मान आम्हां सर्वांहून मोठा, कारण त्याच्या अंगावर पितळी पाटी आहे. डाळगिरणीचे मालक सुरेशचंद यांनी ते आपले दिवंगत वडील दीपचंद यांच्या स्मरणार्थ रुग्णालयाला अर्पण केले. आज खाट क्रमांक तीनवर त्या यंत्राला जोडलेल्या आहेत त्या सुरेशचंदांच्या मातोश्री, झमकूबाई, वय शहात्तर. फुप्फुसे जुनीच दुखणाईत; त्यात या महिन्याच्या आरंभी न्यूमोनिया. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली, तिला यंत्र जोडले, त्यामुळे वाचा बंद. नाकातून पोटात दुसरी नळी, तिच्यातून दर तीन तासांनी दूध.

बाई ही नाकातली नळी उपसून काढू लागल्या. पुन्हा घातली, पुन्हा काढली. आमचे डॉक्टर नेहेते यांनी निदान केले, की प्राणवायू कमी पडून मेंदू भ्रमला आहे. हे शास्त्रच आहे. मीही ते विद्यार्थिनींना शिकवते. केसपेपरवर ‘रुग्ण गोंधळलेला’ अशी नोंद झाली आणि रात्रीच्या वेळी त्यांचे दोन्ही हात मऊ पट्ट्यांनी खाटेच्या कठड्याला बांधण्यात आले. असे सात रात्री.

परवा तानुबाई फरशी पुसता पुसता, कोणी विचारले नसताना म्हणाली, “सिस्टरबाई, ती माय याडी नही शे. दिन बुडना का मंगच नळी उपसस. दिनमा हातबी लावत नही.”

मी म्हटले, “तानुबाई, आपण वैद्यक कोठे शिकलात?”

“मारवाडीना घर बारा वरीस भांडा घसात. दिन बुडना का त्या लोके पानीबी पेत नहीत.”

नाना, मी नोंदवही उघडली. पट्ट्या बांधण्यापूर्वी आणि पट्ट्या सैल झाल्यावर मिळून बाईंनी नळी अकरा वेळा काढली आहे आणि अकराही वेळा सूर्यास्तानंतर. सायंकाळी सहाचे दूध वेळेवर गेले त्या दिवशी सहाला बाई शांत; नळी निघे ती नंतरच्या दुधाला. पाळी बदलण्याच्या गडबडीत दोनदा ते साडेसहाला गेले, त्या दोन्ही दिवशी नळी साडेसहालाच बाहेर. जन्मभर पाळलेले व्रत त्या पाळत होत्या आणि आम्ही शास्त्रोक्त पद्धतीने रोज रात्री ते मोडत होतो.

राहिला एक प्रश्न. आमच्या विभागाच्या खिडक्यांना हिरवे पडदे आहेत आणि आत अहोरात्र नळदिवे. तेथे सूर्य उगवत नाही, मावळत नाही, नुसती पाळी बदलते. मग बाईंना सूर्यास्त कळतो कसा? काल सहाच्या सुमारास मी त्यांचे हात मोकळे ठेवून शेजारी स्टूल टाकून बसले. सहा वाजून नऊ मिनिटांनी पलीकडच्या मशिदीतून अजान आली. बाईंनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि नाकावर तळहात आडवा धरला. दुकानाची फळी लावावी तसा.

मला यात एवढा रस का, असे आपण विचाराल. दिवसातून दोनतीनदा बाई यंत्राकडे बोट दाखवतात आणि मग दाराकडे. आजवर सर्वांनी त्याला भ्रम म्हटले. मीही म्हटले. पण ज्या बाईला अजानेवरून सूर्यास्त कळतो, तिला यंत्र आणि दार यांतील अंतरही कळत असले पाहिजे. त्या घरी जाण्याची आज्ञा मागत आहेत, अशी माझी खात्री आहे. त्या शुद्धीवर आहेत, हे सिद्ध करण्यास माझी नोंदवही पुरेशी आहे काय, एवढेच कळवावे.

हे वाचून आपल्या मनात काय आले, ते मला येथून दिसते. आबा शेवटच्या दुखण्यात, वाचा गेल्यावर, धरणगावी, आपल्या घरी न्या म्हणून खुणावत होते, असे आपले म्हणणे होते. ते भ्रमात होते, असे माझे. आबांचे प्रकरण वेगळे होते. ते येथे काढू नये.

आज्ञाधारक (एवढ्यापुरती),
कमल


जळगाव, दि. २४ जानेवारी १९७८

तीर्थस्वरूप नाना यांसी,

पोस्टकार्ड पोचले. श्रीकार नाही, आशीर्वाद नाही, खाली सही नाही. तरीही ते मी दोनदा वाचले, कारण इतक्या कमी शब्दांत इतके ज्ञान आणि इतका राग एकत्र नांदताना मी प्रथमच पाहिला. आपण लिहिता: “नोंदी एकाच हातच्या आहेत काय? नुसते हो म्हणणारा साक्षीदार टिकत नाही, त्याच्याकडून नाही म्हणवून घ्यावे. हात कोणी बांधले?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: नोंदी चार हातच्या आहेत. सर्वांत अधिक रात्रपाळीच्या वनमाला गावित हिच्या. तिला चौविहार म्हणजे काय, सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य का, याचा गंधही नव्हता. म्हणजे तिने मुद्दाम जुळवून लिहिले, हा आक्षेप उरत नाही. दुसरी सूचना शिरोधार्य. तिचा उपयोग लवकरच करीन. तिसऱ्या प्रश्नाचा प्रस्तुत विषयाशी संबंध नसल्याने तो तूर्त स्थगित ठेवला आहे.

येथील वृत्त. मी दुधाच्या वेळा बदलल्या. आता सकाळी आठ ते सायंकाळी साडेपाच एवढ्यातच सर्व आहार. सात दिवस झाले, पट्ट्या कपाटात आहेत आणि नळी जागेवर. डॉक्टर नेहेते पुण्याहून शिकून आलेले, बुद्धिमान आणि प्रामाणिक तरुण आहेत. हसण्याची पदवी तेवढी अद्याप मिळायची आहे.

“सिस्टर, आहाराच्या वेळा कोणी बदलल्या?”

“सूर्यनारायणाने.”

“लेखी आदेश आहे का?”

“त्याचा नित्याचा आहे. आपला मागाहून घेईन म्हणते.”

“सिस्टर, तुमचं काम पाहायचं आणि लिहायचं. ठरवायचं आम्ही.”

“मान्य आहे, डॉक्टर. सव्वीस वर्षं तेच करते आहे. पण लिहिलेलं कोणी वाचलंच नाही, तर लिहिणारीनं काय करायचं?”

दुसऱ्या दिवशी कार्यालयाकडून मला ज्ञापन आले. आदेशाविना आहाराच्या वेळा बदलल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये, याचा खुलासा आठ दिवसांत सादर करावा. मला विभागातून काढून कपडेखात्यात चादरी मोजायला बसवतील, असे तानुबाईचे भाकीत आहे. बसवोत. चादरींना निदान भ्रम होत नाही.

खरी अडचण सुरेशचंदांची. भेटीची वेळ पाच ते सव्वापाच. त्या पंधरा मिनिटांत हे सधन, सज्जन गृहस्थ आईच्या पायांशी उभे राहून यंत्राकडे बघत असतात. मी त्यांना अकरा नोंदी दाखवल्या. बाई यंत्राकडे आणि दाराकडे बोट दाखवतात, हेही सांगितले. ते म्हणाले, “सिस्टर, बाबूजींच्या नावाचं यंत्र मी गावाला दिलं. त्यावरून माझ्याच आईला उठवून घरी नेलं, तर बाजारात तोंड कसं दाखवू? म्हणतील, परक्यांच्या श्वासाची सोय केली आणि आईचा काढून घेतला.”

नाना, याला मी मूर्खपणा म्हणणार नाही. लोकांचे भय हे भयच असते. त्याला तपासण्याची नळी अजून निघालेली नाही.

त्यांच्या पत्नी राजकुंवर त्यांच्या मागे डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. पंचवीस वर्षांच्या संसारात नवऱ्यासमोर एकही वाक्य न बोललेल्या. सुरेशचंद बाहेर गेले तशा त्या माझ्याजवळ येऊन कुजबुजल्या, “सिस्टरबाई, सासूबाईंनी मागच्या चातुर्मासात महासतीजींपुढे हात जोडले होते. शेवट ओळखू आला की संथारा घ्यायचा, म्हणाल्या होत्या.”

“यजमानांना हे ठाऊक आहे?”

“त्या वेळी ते गिरणीत होते. मी सांगायला हवं होतं. पण मी कधी सांगतच नाही ना काही.”

महासतीजी म्हणजे त्यांच्या साध्वी. आणि संथारा म्हणजे काय, हे आपणास ठाऊक आहेच: आयुष्य सरत आले असे दिसल्यावर, गुरूची आणि घरच्यांची अनुमती घेऊन, पूर्ण शुद्धीत राहून, अन्न हळूहळू सोडण्याचे जैनांचे व्रत. यातील ‘शुद्धीत’ हा शब्द ध्यानात घ्यावा. ज्याची बुद्धी ठिकाणावर नाही, त्याला हे व्रत नाही. म्हणजे केसपेपरवरील ‘गोंधळलेला’ या एका शब्दाने आम्ही झमकूबाईंचे नुसते हात बांधले नाहीत. जन्मभर ज्या शेवटाची त्या तयारी करीत होत्या, त्याचे दारच लावून घेतले. तो शब्द खोडला जाईपर्यंत मी चादरींकडे जाणार नाही.

कमल


जळगाव, दि. २९ जानेवारी १९७८

तीर्थस्वरूप नाना यांसी,

आपली सूचना काल अमलात आणली. न्यायासन म्हणजे खाट क्रमांक तीन. उपस्थितांत डॉक्टर नेहेते, सुरेशचंद, भिंतीलगत राजकुंवर आणि दाराशी तानुबाई, हातात फडके घेऊन, ज्याची त्या घटकेला कोणालाही आवश्यकता नव्हती. डॉक्टर आले याचे श्रेय मी त्यांना देते. ज्ञापनाच्या खुलाशात मी एवढेच लिहिले होते, की खुलासा खाट क्रमांक तीनकडून मिळेल, समक्ष येऊन घ्यावा. ते आले.

हो असेल तर बाईंनी माझा हात दाबायचा, नाही असेल तर तर्जनी हलवायची, असे ठरले.

“आजी, हे धुळं आहे का?”

तर्जनी हलली.

“मी तुमची सून?”

तर्जनी हलली. भिंतीकडून पदराआड दाबलेले हसू ऐकू आले.

“हे सुरेशचंद तुमचे धाकटे चिरंजीव ना?”

बाईंनी मुलाकडे पाहिले आणि तर्जनी अशी हलवली, जणू त्याचा जन्म कालच झाला असून घोटाळ्याला अवकाशच नाही.

“धाकटा महावीर,” सुरेशचंद हळूच म्हणाले. “तो मद्रासला असतो.”

आता डॉक्टर पुढे सरले. “आजी, नाकातली नळी दुखायची म्हणून काढत होतात?” नाही. “आमचा राग आला म्हणून?” नाही. “दिवस मावळला म्हणून?” यावर बाईंनी माझा हात इतक्या जोराने दाबला की माझीच बांगडी मला रुतली.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. त्याला काहीही लागलेले नव्हते. मग ते बोलले, ते मात्र त्यांच्या पदवीला शोभेल असे बोलले. कठीण गोष्ट त्यांनी सोपी करून सांगितली नाही. “आजी, घरी हे यंत्र नसेल. काही तास, काही दिवस, मला सांगता येणार नाही. पण श्वास पुरणार नाही. हे समजून घरी जायचं म्हणता?”

हात दाबला गेला. जोरात नाही. नीट.

मग मी आपला नियम स्मरून मुद्दाम उलटा प्रश्न टाकला. “घरी गेल्याबरोबर अन्न, पाणी, सगळं बंद करायचं?”

तर्जनी हलली. बाईंनी दोन्ही तळहात जुळवले आणि सुनेकडे पाहिले. एवढ्या दिवसांत प्रथमच कोणीतरी त्यांच्याकडून बोलावे अशी त्यांची इच्छा दिसली. राजकुंवर भिंत सोडून पुढे आल्या. नवऱ्यासमोर, डॉक्टरांसमोर, म्हणाल्या, “आधी महासतीजी येतील. त्या बघतील, विचारतील. मग व्रत. त्याआधी काही सोडायचं नाही. सासूबाईंनी मला सांगून ठेवलं आहे. मीच बोलले नाही.”

सुरेशचंदांनी पत्नीकडे असे पाहिले, जणू भिंतीवरची तसबीर बोलली. मग आईकडे वाकून त्यांनी आपल्या घरच्या बोलीत विचारले, “माँ सा, म्हारे सूं नाराज हो?”

तर्जनी हलली.

“लोग कांई कैवैला?”

लोक काय म्हणतील, या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर नसते. मी हरकत घेणार होते. पण बाईंनी हात उचलला आणि सुपातल्या डाळीवरचे फोलपट उडवावे तसा एकदाच हवेत फिरवला. डाळगिरणीच्या मालकाला तो हात बालपणापासून परिचयाचा असावा. ते माझ्या स्टुलावर बसले. भेटीची पंधरा मिनिटे केव्हाच संपली होती, पण ती मोजणारी मी, आणि मी त्या दिवशी अंकगणितात कच्ची होते.

शेवटी ते उठले. “डॉक्टर, घरी नेण्याचा कागद द्या. सही मी करतो. महावीर येईपर्यंत मात्र थांबू.”

डॉक्टरांनी केसपेपर घेतला, ‘गोंधळलेला’ हा शब्द खोडला, बाजूला आद्याक्षरे घातली आणि लिहिले: ‘प्रमुख परिचारिकेच्या नोंदींवरून व समक्ष प्रश्नोत्तरांवरून रुग्ण पूर्ण शुद्धीवर असल्याची खात्री केली.’ सव्वीस वर्षांत डॉक्टरी अक्षरात परिचारिकेचा असा उल्लेख मी पाहिला नव्हता. अक्षर नेहमीप्रमाणे दुर्वाच्य होते, पण मी ते वाचले.

तानुबाई बाहेर व्हरांड्यात म्हणाली, “बठ्ठं माले पहिलेच माहीत व्हतं.” हे खरे असल्याने मला वाद घालता आला नाही.

आपली,
कमल


जळगाव, दि. ३१ जानेवारी १९७८

नाना,

परवाच्या पत्राच्या शेवटी एक परिच्छेद होता. तो मी कापून काढला. कागद खालून आखूड का, असे आपणास वाटले असेल. आपणास तसे वाटल्यावाचून राहत नाही.

तो परिच्छेद हा. आपला तिसरा प्रश्न होता, हात कोणी बांधले.

झमकूबाईंचे मी. वनमालेने बांधले असते, पण तिची गाठ रुतते; माझी रुतत नाही.

आबांचेही मीच.

त्या वेळी आपण रुग्णालयाच्या दाराबाहेर उभे होता. धरणगावला जायची मोटार आपण ठरवून आणली होती आणि तिचा चालक सारखा भोंगा वाजवीत होता. आत तेव्हाच्या डॉक्टरांनी मला विचारले, “सिस्टर, वडील तुमचे आहेत. तुम्हीच सांगा, हे दाराकडे बोट दाखवतात ते शुद्धीत की भ्रमात?” त्यांना खरोखर ठाऊक नव्हते. ते माझ्या शब्दावर जाणार होते आणि मला ते ठाऊक होते. मी म्हटले, भ्रमात. मोटार परत गेली.

मला आबा जगायला हवे होते, एवढेच त्यामागचे कारण. दुसरे शोधून पाहिले, सापडले नाही. त्यानंतर आबा पाच दिवस राहिले. आपण त्या दिवसांविषयी कधी विचारले नाही, म्हणून सांगते. पहिले दोन दिवस ते दाराकडे पाहत. पुढचे तीन दिवस भिंतीकडे पाहत. मी पाळी संपली तरी जात नसे. नाडी, ताप, लघवीचे माप, सर्व वेळच्या वेळी लिहीत असे. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत सुवाच्य नोंदी त्या पाच दिवसांतल्या आहेत.

आबा खरोखर भ्रमात असतीलही. आपले म्हणणे खरे की माझे, हे मला आज ठाऊक नाही आणि आता कळण्याचा मार्गही नाही. शनिवारी खाट क्रमांक तीनच्या कडेला मी आणि डॉक्टरांनी मिळून एका परक्या बाईला आठ प्रश्न विचारले. आबांना मी एकही विचारला नव्हता.

ही माझी साक्ष. यात खाडाखोड नाही.

कमल


जळगाव, दि. १३ फेब्रुवारी १९७८

नाना,

आपले उत्तर नाही. पोस्टमन आमच्या दारावरून अपराध्यासारखा जातो. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

२ तारखेला झमकूबाईंना घरी पोचवले. महावीर आदल्या दिवशी मद्रासहून आले. रुग्णालयाच्या गाडीत यंत्र नेता येत नाही, म्हणून रबरी फुगा गळ्यातल्या नळीला लावून हाताने दाबत श्वास द्यायचा आणि तो मी देत बसले. डॉक्टर नेहेते स्वतः पुढे चालकाशेजारी बसले होते. तसा नियम नाही. घरी अंगणाकडच्या खोलीत जमिनीवर चटई घालून ठेवली होती. महासतीजी स्थानकातून, म्हणजे साध्वींच्या मुक्कामाच्या जागेतून, अनवाणी चालत आल्या होत्या. त्यांनी बाईंना पुन्हा सर्व विचारले, आमच्यापेक्षा कमी प्रश्नांत. मी फुगा दाबतच होते. थांबायचे केव्हा, हे कोणी सांगेना. डॉक्टर माझ्याकडे पाहत होते, मी त्यांच्याकडे, सुरेशचंद जमिनीकडे.

बाईंनी हात उचलला, माझ्या मनगटाला धरले, फुग्यावरून माझा हात बाजूला केला आणि माझ्याच मांडीवर नेऊन ठेवला. लहान मुलाचा ठेवतात तसा. मग त्या आपला आपण श्वास घेऊ लागल्या. तोकडा होता, पण त्यांचा होता.

व्रताआधी त्यांच्यात सर्वांची क्षमा मागतात. बाईंनी दोन्ही मुलांपुढे हात जोडले, सुनेपुढे जोडले, गिरणीतल्या हमालापुढे जोडले. मुलांची क्षमा मागावी असे त्यांनी काय केले होते, देव जाणे. मी मात्र एक वाक्य जुळवून नेले होते, सात रात्रींबद्दल. आपण वाचले असते तर आपणास आवडले असते. समास निर्दोष होते. ते उच्चारण्याआधीच बाई माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.

मी राजकुंवरना म्हटले, “हे उलटं होतंय. चूक माझी आहे. यांनी काय म्हणून मागायची?”

“रिवाज आहे, सिस्टरबाई. कोणाची चूक, ते इथे बघत नाहीत. ज्याला सुटायचं असतं तो आधी मागतो. तुम्ही पण हात जोडा आणि ‘खमाऊं सा’ म्हणा. बस.”

मी हात जोडले आणि दोन शब्द म्हटले. समासाचे वाक्य अजून माझ्याजवळच आहे.

त्या नंतर सहा दिवस होत्या. मी पाळी संपवून रोज जाऊन बसे. तेथे माझ्या विद्येला काहीही काम नव्हते. ना नाडी, ना ताप, ना नोंद. पाच दिवस पाणी चालू होते. संध्याकाळी अजान आली की राजकुंवर पाण्याची वाटी उचलून आत नेत आणि सकाळपर्यंत आणत नसत. सहाव्या दिवशी दुपारी, सुरेशचंद शेजारी बसून नवकार मंत्र म्हणत असता, श्वास थांबला. त्यांनी मध्येच सोडला नाही, पुरा म्हटला, मग माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. एवढेच माझे काम पडले.

माझे ज्ञापन दप्तरी दाखल झाले. ‘यापुढे आहाराच्या वेळा लेखी आदेशाशिवाय बदलू नयेत’ अशी समज मिळाली. ती मी फ्रेम करवणार होते, पण भिंतीवर जागा नाही. यंत्र आता खाट क्रमांक एकवर, रावेरच्या एका गृहस्थांना लावले आहे. फेरीत डॉक्टर नेहेते हल्ली खाटेशी थांबून माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, “सिस्टर, यांना विचारलंत?” मी विचारलेले असते.

हे सर्व लिहिले, पण ज्यासाठी पत्र लिहायला घेतले ते राहिले आहे. ३१ तारखेच्या पत्राची नक्कल माझ्यापाशी आहे. नक्कल ठेवण्याची शिकवण आपलीच. ती पुन्हा वाचली. तिच्यात मी साक्ष दिली आहे. क्षमा मागितलेली नाही. चार रात्री प्रयत्न केला. संस्कृतात करून पाहिला, शुद्ध मराठीत करून पाहिला. वाक्ये उत्तम उतरली, म्हणून फाडली. उरली ती आबांच्या घरची बोली.

नाना, मन्ही चूक व्हयनी. माले माफ कर.

कमल